मुंबईच्या खालच्या डिव्हिजनमधून कोच होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नायगावचा. मुंबईच्या फुटबॉल लीगमध्ये बारा सीझन स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलो. त्यातले दोन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, बाकीचे सगळे तिसऱ्या. त्याच्या वर कधी गेलो नाही. आता एका क्लबची सीनियर टीम आणि एका शाळेची चौदा वर्षांखालची मुलं बघतो, दिवसा अकाउंट्सची नोकरी करतो. मॅच संपली की मोजे सोडता सोडता पोरं तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच बसून लिहिलं. ज्या क्लबांत आणि शाळांत मी होतो त्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. काहींशी अजून बोलणं आहे.

मॅनेजर म्हणजेच कोच ना?

टीव्हीवर हो. आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये टीम निवडणारा, डावपेच ठरवणारा, कुणाला घ्यायचं आणि कुणाला सोडायचं यात ज्याचा शब्द चालतो, त्याला मॅनेजर म्हणायची जुनी पद्धत आहे. आपल्या मैदानावर मॅनेजर म्हणजे ज्याच्या खांद्यावर जर्सीची बॅग, काखेत ओळखपत्रांची फाइल आणि हातात बर्फाचा डबा. मोठ्या टीमला कोच वेगळा असतो, मॅनेजर वेगळा. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये दोन्ही ठिकाणी बहुतेक एकाच माणसाची सही असते.

माझी सुरुवात त्या बर्फाच्या डब्यापासून झाली. गुडघा सुजला होता, सीझन अर्धा राहिला होता. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "नुसता बसतोस त्यापेक्षा फाइल सांभाळ." सांभाळली. त्या फाइलने मला जे शिकवलं ते दहा वर्षं खेळून कळलं नव्हतं. कोण कुठून येतो, कोणाला सुट्टी मिळत नाही, कोणाचं रजिस्ट्रेशन अडकलंय, कोण दुखणं लपवतोय, हे सगळं आधी मॅनेजरला कळतं आणि मग कोचला.

खालची डिव्हिजन म्हणजे नक्की काय?

मुंबईची लीग एमएफए (मुंबई फुटबॉल असोसिएशन) चालवते, म्हणजे पूर्वीची एमडीएफए. जुनी माणसं अजून 'हारवूड लीग' म्हणतात. वर प्रीमियर, सुपर वगैरे, मग पहिली, दुसरी, तिसरी. नावं मधूनमधून बदलतात, उतरंड तीच राहते. वरच्यांना कूपरेज मिळतं. आपण परळच्या सेंट झेविअर्स ग्राउंडवर, क्रॉस मैदानात कर्नाटक स्पोर्टिंगच्या ग्राउंडवर, नाहीतर वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा टर्फवर. जाता जाता सांगतो, त्या टर्फवर रोज खेळणाऱ्या निम्म्या पोरांना नेव्हिल डिसोझा कोण होते ते माहीत नसतं. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ हरवलं, त्यात तीन गोल त्यांचे. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत त्या वेळी चौथा आला होता. आणि हा माणूस मुंबईत टाटांच्या टीमकडून खेळायचा.

टाटांची टीम म्हणजे ऑफिसची टीम, ही गोष्ट आजच्या पोरांना वेगळी समजावून सांगावी लागते. पूर्वी खालच्या क्लबात चमकलेल्या पोराला वर जायची वाट म्हणजे नोकरी. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, बँका, कस्टम्स. दुपारपर्यंत टेबलावर, मग प्रॅक्टिस, आणि खेळणं थांबलं तरी पगार चालू. त्यातल्या बऱ्याच टीम एकेक करून गेल्या. महिंद्र युनायटेडने २००५-०६ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१०मध्ये टीमच बंद झाली. मुंबई एफसी २००७ला आली, २०१७नंतर दिसली नाही. १८९१ला सुरू झालेली मुंबईची जुनी स्पर्धा, रोव्हर्स कप, नव्या शतकात शिरता शिरता थांबली. आज खाली आम्ही आहोत, वर आयएसएल (इंडियन सुपर लीग) आहे आणि मधल्या पायऱ्या मोजक्याच उरल्यात. म्हणूनच पंचविशीतली पोरं 'कोच कसं व्हायचं' हे इतक्या लवकर विचारायला लागली आहेत, असं माझं मत आहे. पूर्वी ती 'बँकेत लावता का' असं विचारायची.

तिसऱ्या डिव्हिजनच्या खेळाडूला कोच म्हणून कोण विचारणार?

सुरुवातीला कोणीच नाही. पण हा प्रश्न विचारताना पोरांच्या डोक्यात असतं की मोठा कोच व्हायला आधी मोठा खेळाडू असावं लागतं. तसं नसतं. एडी हाऊंचं बघा. बोर्नमथ नावाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या क्लबचा बचावपटू. क्लब इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवर, आणि हाऊंची कारकीर्द बहुतेक तिथेच गेली. २००२मध्ये पोर्ट्समथने घेतलं, पण गुडघ्याने तिथे जेमतेम दोन मॅच खेळू दिल्या. २००४मध्ये त्याला परत आणायला बोर्नमथकडे पैसे नव्हते, तेव्हा प्रेक्षकांनी वर्गणी काढली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मंडळाची पावती पुस्तकं आठवली. शेवटी गुडघ्यानेच खेळणं थांबवलं.

२००८च्या शेवटी, वयाच्या ३१व्या वर्षी, त्याच क्लबची सूत्रं हाऊंच्या हातात आली. क्लब तोवर चौथ्या पातळीवर घसरलेला आणि पैशांच्या घोळापायी त्या सीझनला १७ गुण कापलेले. म्हणजे शून्याच्याही १७ पायऱ्या खालून सुरुवात. टीम वाचली. २०१०मध्ये वर चढली. मध्ये ते बर्नलीला गेले, पण परत आले, २०१३मध्ये पुन्हा वर, आणि २०१५मध्ये बोर्नमथ थेट प्रीमियर लीगमध्ये. हाच माणूस पुढे न्यूकॅसलला गेला आणि मार्च २०२५मध्ये लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला. न्यूकॅसलला देशातली मोठी ट्रॉफी मिळाली ती १९५५नंतर पहिल्यांदा.

पोरं चढतीचा भाग लक्षात ठेवतात. माझं लक्ष मात्र २०२०वर जातं. बोर्नमथ प्रीमियर लीगमधून खाली आलं, हाऊंनी क्लब सोडला आणि वर्षभराहून जास्त काळ कोणतीच टीम घेतली नाही. त्याच क्लबात वाढलेला माणूस, आणि घरी बसलेला.

इंग्लंडचेच नील वॉर्नॉक तर याहून आपले वाटतात. खालच्या डिव्हिजनच्या आठ क्लबांत विंगर म्हणून फिरले, सोबत पायाच्या दुखण्यांवर इलाज करायचं शिक्षण घेऊन तो व्यवसाय केला, आणि मॅनेजर म्हणून आठ वेळा टीम वरच्या डिव्हिजनला नेल्या. पुढे लिव्हरपूलचे मॅनेजर झालेले युर्गेन क्लॉप जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये माइन्झकडून तीनशेहून जास्त मॅच खेळले. जर्मनीचेच युलियान नागेल्समान खेळाडू म्हणून विशीतच दुखापतीने संपले आणि २८व्या वर्षी हॉफेनहाइमचे हेड कोच झाले.

आपल्याकडे कोणी असं आहे का?

खालिद जमील यांचं नाव सगळे घेतात आणि घ्यायलाच हवं, फक्त एक लक्षात ठेवा: ते खालच्या डिव्हिजनचे नव्हते. महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळले, भारताकडूनही खेळले. दुखापतींनी लवकर थांबवलं. मुंबई एफसीचे ते २००९पासून सात वर्षं कोच होते. कमी पैशांत टीम चालवायची, खाली पडू द्यायची नाही. मुंबई एफसीतून बाहेर पडल्यावर आयजॉलला गेले. आदल्या सीझनला खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलेली आणि नंतर परत घेतलेली टीम. तिने २०१६-१७ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, जिंकली. आपला जयेश राणे त्या टीममध्ये होता. ऑगस्ट २०२५मध्ये खालिद भारताचे कोच झाले. त्यांच्या टीम बघायला फार देखण्या नसतात असं म्हणतात. म्हणू देत. ज्याच्याकडे अकरा चांगले खेळाडू कधीच नव्हते, त्याने नटवायचं कशाला?

एअर इंडियाची टीम वर्षानुवर्षं सांभाळणारे बिमल घोष यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो उतारवयात. मुंबईतून घडलेले संतोष कश्यप देशभरातले क्लब फिरले आणि पुढे भारतीय महिला संघाचे कोच झाले.

तिसऱ्या डिव्हिजनमधून निघून भारताचा कोच झालेला मुंबईकर मला दाखवता येणार नाही. शाळा, अकादमी, क्लबच्या ज्युनियर टीम यांच्या कोचमध्ये मात्र आमच्यासारखे ढीगभर आहेत.

कोणतं लायसन्स, कुठून सुरुवात?

डी लायसन्सपासून. त्याच्या खाली ई सर्टिफिकेट आहे, ते अगदीच प्राथमिक. डीनंतर एएफसीचं (आशियाई फुटबॉल संघटना) सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आयएसएलमध्ये हेड कोच व्हायला प्रो किंवा त्याच्या तोडीचं लायसन्स लागतं. एक झालं की दुसऱ्या महिन्यात पुढचं, असं चालत नाही. मधल्या काळात टीम चालवल्याचं दाखवावं लागतं. मुंबईतले कोर्स विफामार्फत जाहीर होतात. विफा म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, १९११ची. जागा पटकन भरतात, आणि अर्ज करताना ओळखीच्या माणसापेक्षा वेळेवर भरलेला फॉर्म उपयोगी पडतो.

डीच्या प्रॅक्टिकलबद्दल लिहायलाच हवं. तिथे तुम्हाला एक विषय देतात आणि बरोबरचे उमेदवार तुमचे खेळाडू होतात. माझा विषय निघाला मागून बॉल खेळत पुढे येणं. बारा वर्षं स्टॉपर असून मी हे कधी केलं नव्हतं. आमच्या टीममध्ये गोलसमोर बॉल आला की मागून सात जण एकदम ओरडायचे, "काढ!" आणि मी काढायचो. लांब, उंच, शक्यतो मैदानाच्या बाहेर.

सेशन चालू झालं. चुकीचा पास गेला. मी शिट्टी मारली, "फ्रीझ" म्हणालो. सगळे होते तिथे थांबले. आणि माझी जीभही थांबली. इन्स्ट्रक्टर जवळ आले, म्हणाले, "थांबवलंत ना? आता सांगा, त्याने काय करायला हवं होतं?"

मी म्हणालो, "सर, मी असतो तर काढला असता."

सगळे हसले. इन्स्ट्रक्टर हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कुठे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा वर्षांत हजारभर वेळा तरी बॉल काढला असेन, तो कुठे जातो हे एकदाही पाहिलं नव्हतं. तो दिवस पास झालो की नापास ते महत्त्वाचं नाही. (नापास. पुढच्या खेपेला झालो.)

एनआयएस किंवा बीपीएड लागतं का?

शाळेत पीटी शिक्षक म्हणून कायम व्हायचं असेल तर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) लागतं. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा सरकारी कोचच्या जागांसाठी आजही वजनदार. नुसत्या क्लबसाठी फुटबॉलचं लायसन्स पुरतं.

खेळत असताना कोचिंग सुरू करू की खेळणं संपल्यावर?

खेळत असतानाच. क्लॉप दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळता खेळता फ्रँकफर्टच्या विद्यापीठात क्रीडाशास्त्र शिकत होते. १९९५मध्ये पदवी घेतली, प्रबंधाचा विषय होता चालण्याचा व्यायाम. २००१च्या फेब्रुवारीत माइन्झने त्यांना खेळाडूंतून उचलून थेट कोच केलं ते उगाच नाही.

आपल्याकडे याचा साधा अर्थ असा: आठवड्यातून दोन संध्याकाळी कुठल्यातरी अकादमीत कोन मांडायला जा. सुरुवातीला पैसे मागू नका, पण कोन मांडताना डोळे उघडे ठेवा. मी हे केलं नाही. मी ३३व्या वर्षी थांबलो आणि ३४व्या वर्षी पहिल्यांदा बारा वर्षांखालच्या पोरांसमोर उभा राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांना ऑफसाइड समजावून सांगायला बसलो, वीस मिनिटं. पंधराव्या मिनिटाला मागच्या दोघांनी मुंगळ्यांची शर्यत लावली होती आणि बाकीचे त्यावर पैजा घेत होते. बाजूच्या पिचवर कुणीतरी बोल्ड झाला तर माझी अख्खी टीम अपील करायला उठली. लहान मुलांना रांगेत उभं करून भाषण द्यायचं नसतं, त्यांच्यामध्ये बॉल टाकायचा असतो, हे कोणी सांगितलं असतं तर एक सीझन वाचला असता.

पैसे किती मिळतात?

कमी, आणि उशिरा. मला पहिल्या शाळेने महिना सहा हजार ठरवले होते. पावसाळ्यातले तीन महिने प्रॅक्टिस घेतली, आझाद मैदानावर एमएसएसएच्या (मुंबईची शालेय क्रीडा संघटना) मॅचना मुलं नेली, दोन राउंड जिंकलो. दिवाळीच्या आधी पैसे विचारायला गेलो तर ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, "सर, तुमचं पत्र कुठंय?" माझ्याकडे नेमणुकीचं पत्रच नव्हतं. मुख्याध्यापक बदलले होते, नव्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. एका महिन्याचे मिळाले. तेव्हापासून चार ओळींचं का होईना, लेखी घेतल्याशिवाय मी शिट्टी गळ्यात घालत नाही.

बरे पैसे खाजगी अकादमींत आहेत, टर्फवाल्यांकडे आहेत. तिथे मुलाला किती येतं यापेक्षा मूल पुढच्या महिन्याची फी भरतं का ते बघितलं जातं. वाईट मानू नका, टर्फचं भाडं तासावर असतं. खालच्या डिव्हिजनचे क्लब बहुतेक प्रवासखर्च देतात, ट्रॉफी आली तर पाकीट.

मग नोकरी सोडू का?

नाही.

इंग्रजी येत नाही. कोर्स झेपेल का?

मी नायगावच्या मराठी शाळेतला, त्यामुळे ही भीती मला माहीत आहे. कोर्सचं साहित्य इंग्रजीत असतं, बोलणं मुंबईत हिंदी-इंग्रजी मिसळून चालतं. मैदानावरचे शब्द तुम्हाला येतातच: प्रेस, कव्हर, ओव्हरलॅप, सेकंड बॉल. अडतं ते लेखी सेशन प्लॅनमध्ये. मी दोन महिने रोज रात्री एक सेशन वहीत मराठीत लिहायचो आणि भाचीकडून इंग्रजीत करून घ्यायचो. महिनाभराने ती म्हणाली, "मामा, तू रोज तेच पाच शब्द वापरतोस, आता तूच लिही." खरं होतं.

उलटंही सांगतो. इंग्रजी फाडफाड बोलणारे काही उमेदवार बघितले, ज्यांना हाफ टाइमला चिखलात बसलेल्या, भडकलेल्या दहा माणसांशी काय बोलायचं ते सुचत नाही.

मॅचच्या दिवशी नेमकं काय करावं लागतं?

डावपेच सगळ्यात शेवटी येतात. आधी आदल्या रात्री ग्रुपवर हजेरी: 'येतोय' लिहिणारे अठरा, येणारे तेरा. मॅच रविवारी असली तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनला आहे ते बघायचं आणि कल्याण-डोंबिवलीच्या पोरांना एक तास आधीची वेळ सांगायची. जर्सीचा रंग समोरच्यांशी जुळत असेल तर दुसरा सेट, तो धुऊन वाळलाय की नाही हे जुलैमध्ये देवालाच माहीत. गोलकीपरचा रंग सगळ्यांहून वेगळा. नाहीतर रेफ्री परत पाठवतो.

मग तपासणी. हातातलं कडं, कानातली बाळी, गळ्यातला दोरा, सगळं उतरवायचं. वर टेप लावून चालत नाही. मोज्यावर टेप लावली तर ती मोज्याच्याच रंगाची हवी. शिनगार्ड सक्तीचे. एकदा आमच्या एका विंगरने वहीचे पुठ्ठे घातले होते, शाई अजून दिसत होती: 'इयत्ता नववी, भूगोल'. रेफ्रीने ते वाचून दाखवले आणि त्याला बाहेर काढलं.

त्यानंतर खेळाडूंची यादी, फोटो जुळवणं, सही. सातहून कमी खेळाडू असतील तर मॅच सुरूच होत नाही, हा नियम वर्ल्ड कपलाही आहे. फरक इतकाच, तिथे तो कोणाला आठवावा लागत नाही. एवढं झाल्यावर उरलेल्या पाच मिनिटांत तुम्ही कोच असता. त्या पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगा, चौथी कोणी ऐकत नाही.

ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांनाच बाहेर कसं बसवायचं?

याच प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळा अडखळलोय.

आमचा लेफ्ट बॅक आणि मी एकाच चाळीतले. अकरा सीझन मी मध्ये, तो डावीकडे. माझ्या लग्नात त्याने रात्रभर पंगती वाढल्या. मी कोच झालो तेव्हा तो ३५चा, आणि समोरची पोरं त्याला दोन टचमध्ये मागे टाकत होती. पहिले चार सामने मी त्याला खेळवलं, कारण न खेळवायचं कसं हेच मला येत नव्हतं. चारही हरलो, आणि बरेचसे गोल त्याच्या बाजूने. पाचव्या मॅचला मी लाइनअप ग्रुपवर टाकली. त्यात त्याचं नाव नव्हतं. फोन केला नाही. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून ग्रुपवर टाकली, दुसरं कारण नाही.

तो मैदानावर आला. बॅग ठेवली, सगळ्यांना पाणी दिलं, पूर्ण मॅच उभा राहून आमच्या नव्या लेफ्ट बॅकला ओरडून ओरडून जागा सांगत होता. आम्ही जिंकलो. जाताना मला म्हणाला, "सांगायचंस रे. मी घरून जेवून तरी आलो असतो." दीड वर्षं त्याने माझ्याशी नीट बोलणं टाकलं. आता बोलतो. मुलगा त्याने माझ्याकडेच पाठवलाय.

तेव्हापासून पद्धत ठरली: वगळायचं असेल त्याला आदल्या दिवशी, शक्य असेल तर समोर, दोन वाक्यांत. कारण खरं सांगायचं. 'रोटेशन' वगैरे शब्द वापरायचे नाहीत, त्याला कळतं.

खालच्या डिव्हिजनचा अनुभव कोचला कामी येतो का?

माणसं सांभाळण्यात येतो. जुगाडात येतो. तीन बॉलमध्ये वीस जणांची प्रॅक्टिस घेणं, अर्ध्या पिचवर क्रिकेट चालू असताना उरलेल्यात खेळ उभा करणं, हे शिकवणारा कोर्स नाही. शिवाय ज्याला पाय कमी पडतात तो डोकं चालवून टिकतो, त्यामुळे अवघड काय आहे हे त्याला सांगता येतं. नैसर्गिक खेळाडूला विचारा, तो म्हणतो, "असंच मारायचं."

पण एक रोगही येतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्यासारखे लोक मुलांना भीती शिकवतात. आम्ही खराब मैदानावर, चिखलात, हरायच्या भीतीने खेळलो. आम्हाला 'काढ' येतं, तेच आम्ही बारा वर्षांच्या मुलाला देतो, तेही चकाचक टर्फवर, जिथे बॉल खड्ड्यात उसळत नाही. मी शाळेच्या टीमसाठी नियम केला: प्रॅक्टिसमध्ये कोणी 'काढ' ओरडलं की बाकी सगळ्यांनी मोठ्याने विचारायचं, 'कुठे?' पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा हे मलाच ऐकावं लागलं.

मुलींची टीम घ्यावी का?

मिळाली तर लगेच घ्या. कोच कमी पडतात. फक्त कपडे बदलायची जागा आणि परतीची वेळ आधी ठरवा, बॉल नंतर.

आईवडिलांचं काय करायचं?

लाइनच्या पाच मीटर मागे. एक बाबा दर मॅचला मुलाला 'शूट' म्हणून ओरडायचे, मुलगा गोलकीपर होता.

कोल्हापूरसारखे प्रेक्षक मुंबईत का नाहीत?

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही पेठांची, तालमींची नावं आहेत. शाहू स्टेडियममध्ये माणूस आपल्या गल्लीला बघायला जातो. मुंबईत गिरणगावाच्या गल्ल्या कबड्डी आणि क्रिकेटच्या, फुटबॉल वाढलं वांद्रे, भायखळा, माहीमच्या बाजूला आणि ऑफिसांच्या टीममध्ये. ऑफिस सुटलं की माणूस लोकल पकडतो, टाळ्या कोण वाजवणार? तरी १७ मार्च २०१९ला अंधेरीत आयएसएलची फायनल झाली तेव्हा जादा वेळेत एकमेव गोल करणारा राहुल भेके मुंबईचाच, आणि तो बेंगळुरूच्या जर्सीत होता.

काढून टाकलं तर?

टाकतात. मला एका क्लबने काढलं ते मी असं ओळखलं की व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरता येईना. फोन कोणी केला नाही. (हो, लेफ्ट बॅकची आठवण आली.) मी बिब, कोन आणि पंप परत द्यायला गेलो तेव्हा नवा कोच तिथे उभा होता. कोणाचा गुडघा कच्चा आहे, कोणाला सोमवारी नाइट शिफ्ट असते, हे सगळं त्याला सांगून आलो. सांगायला नको होतं असं बायको म्हणते.

तुम्ही अजून खेळता का?

दर सीझनला स्वतःचं रजिस्ट्रेशन करून ठेवतो, नाव यादीत शेवटी. दोन वर्षांपूर्वी परळला रविवारी सकाळची मॅच होती. मेगाब्लॉक होताच, वर दिवा स्टेशनला गाडी अडकली. वेळेला आमचे सहा. रेफ्री घड्याळ बघायला लागले. वॉकओव्हर गेला असता तर दंड, आणि तो कोणाच्या खिशातून जातो ते क्लबात सगळ्यांना माहीत आहे. मी बॅगेतून बूट काढले. सोल एका बाजूने सुटला होता, काळी टेप गुंडाळली, मग मोजे काळे नाहीत म्हणून वरचा भाग परत सोडवला.

सात जणांनी सुरुवात केली. पंचविसाव्या मिनिटापर्यंत तीन खाल्ले होते. दिव्याची पोरं येऊन टीम दहाची झाली, मी आत राहिलो. शाळेची पाच-सहा मुलं मॅच बघायला आली होती, गोलमागे भिंतीवर बसली होती. समोरून क्रॉस आला, उसळला, माझ्यासमोर पडला. डावीकडे लेफ्ट बॅक मोकळा होता, मला दिसत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "काढ!"

मी काढला. बॉल भिंतीवरून रस्त्यावर गेला. आणि भिंतीवरून सहाच्या सहा मुलं एका सुरात ओरडली, "सर, कुठे?"

आमच्याकडे मॅचचे दोनच बॉल होते. त्यांच्यातलाच एक उडी मारून आणायला गेला.